पळीभर तेल आणि सनदी शाळा

आमच्या शेळगावात (तालुका इंदापूर, नकाशात बारामती आणि इंदापूरच्या मधे शोधा) एक शाळा निघावी असं मला वाटतं. अभिजात भाषा आणि जुने ग्रंथ मुळातून शिकवणारी, एक रुपया फी न घेणारी, आणि तरीही काय शिकवायचं ते स्वतः ठरवणारी. हे बोललं की प्रतिक्रिया ठरलेल्या. हिंजवडीतले मित्र म्हणतात, "तिथे कोण शिकणार रे संस्कृत?" गावाकडे दादा म्हणतो, "त्याचा उपयोग काय, ते सांग आधी." आणि पुरोगामी मित्रमंडळी नुसत्या भुवया वर करतात, बोलत काहीच नाहीत. तिघांशीही भांडायचा आज मूड आहे. शनिवार आहे, बायको आणि लेक माहेरी गेल्यात, चहा भरपूर आहे.

आधी एक स्पष्ट करतो. अभिजात शिक्षण म्हणजे पाटावर बसून घोकंपट्टी नव्हे. २०२४ च्या मे महिन्यात राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनाचे श्लोक आणि गीतेच्या पाठांतराची सूचना आली आणि गदारोळ झाला, आठवत असेल. मी त्या सूचनेच्या विरोधात होतो आणि आहे. पाठांतराने ग्रंथ तोंडात येतो, डोक्यात येईलच असं नाही. मला हवंय ते वेगळंच. पोरानं ग्रंथ उघडावा, भाषा फोडावी, अर्थ लावावा, शेजारच्या पोराशी त्या अर्थावरून भांडावं, आणि शेवटी ग्रंथकर्त्याशीही भांडावं. लीळाचरित्र, ज्ञानेश्वरी, गाथा, गाथासप्तशती, लीलावती. सोबत युक्लिड आणि प्लेटो मराठीतून. फुलेसुद्धा. 'गुलामगिरी' १८७३ ची आहे, ती अजून वाचावी लागते, म्हणजे तीही अभिजातच.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा दिला. फटाके वाजले, फ्लेक्स लागले. मीही स्टेटस टाकलं, खोटं कशाला बोलू. पण ज्या प्राकृताच्या जोरावर आपण हा दर्जा मागितला, ते महाराष्ट्री प्राकृत शिकायला मिळेल अशी एक तरी शाळा तुमच्या ओळखीत आहे का? हाल सातवाहनाच्या गाथासप्तशतीत शेतं आहेत, पाऊस आहे, वाटसरू आहेत, सासू-सुना आहेत, म्हणजे अख्खं शेळगाव आहे. आणि शेळगावच्या पोराला ती माहीत असलीच तर एका मार्काच्या प्रश्नापुरती. संस्कृतची गत तर त्याहून न्यारी. आपल्यापैकी किती जणांनी दहावीला 'स्कोअरिंग' म्हणून शंभर मार्कांचं संस्कृत घेतलं होतं? हात वर करा. आता मेघदूताचं एक पान काढून वाचून दाखवा. असो.

आता कायद्याकडे. हा भाग जरा कंटाळवाणा आहे, पण सगळं घोडं इथेच पेंड खातं.

आज महाराष्ट्रात मला शाळा काढायची तर सरळ रस्ता म्हणजे २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा. स्वयंअर्थसहाय्यित म्हणजे काय, तर सरकार एक पैसा देणार नाही, तुमचं तुम्ही बघा. म्हणजे फी. डिसेंबर २०१७ च्या दुरुस्तीने कंपन्यांनाही हे दार उघडून दिलं. या रस्त्याने गेलं तर बोर्ड निवडा, वेळापत्रक ठरवा, हवे ते जादा विषय शिकवा. दुसरी बाजू सरकारी आणि अनुदानित शाळांची. तिथे फी नाही, पण स्वातंत्र्यही नाही. शिक्षक संचमान्यतेने येणार, विषय परिपत्रकाने येणार, आणि परिपत्रकं आज एक, उद्या दुसरं. २०२५ मध्ये पहिलीपासूनच्या हिंदीचं काय झालं बघा. एप्रिलमध्ये जीआर, जूनमध्ये सुधारित जीआर, आणि २९ जूनला दोन्ही मागे. अडीच महिन्यांत रिक्वायरमेंट तीनदा बदलली. आपल्या क्लायंटनेसुद्धा एवढं केलं नसतं.

म्हणजे हिशोब असा, की स्वातंत्र्य हवं तर फी भरा आणि फुकट हवं तर मुकाट्याने घ्या. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्या पोरालाच वेगळं काही शिकायची मुभा. माझं भांडण या एका गोष्टीशी आहे.

असं असायलाच हवं असंही नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये चार्टर शाळांचा कायदा केला, पहिली शाळा १९९२ मध्ये सुरू झाली. ॲरिझोनाने १९९४ मध्ये केला. कल्पना साधी आहे. सरकार मुलामागे ठराविक पैसे देतं, शाळा फी घेत नाही, अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकून प्रवेश, आणि ठराविक मुदतीचा लेखी करार. करारात कबूल केलेलं जमलं नाही तर शाळा बंद. ऑनसाइटला फिनिक्सकडे गेलेल्यांना चँडलर माहीत असेल, इंटेलचा कारखाना आहे ते. तिथे ग्रेट हार्ट्स नावाच्या संस्थेच्या अशाच शाळा आहेत. पोरं लॅटिन शिकतात, होमर आणि प्लेटो वाचतात, तेही फुकट. आपले मराठी आईबाप त्या भागात अशा शाळांच्या प्रतीक्षायादीत पोरांची नावं घालतात आणि फोनवर कौतुकाने सांगतात, "अरे, लॅटिन शिकतोय!" तेच लोक सुट्टीवर आले की मला विचारतात, खेड्यात संस्कृत कशाला. चँडलरमध्ये मृत भाषा म्हणजे संस्कार आणि शेळगावात म्हणजे मागासलेपण, हे लॉजिक कुठल्या कंपायलरमधून पास होतं ते मला कळत नाही.

चार्टर शाळांनी सगळं आलबेल केलंय असं मी म्हणत नाही. जागा-इमारतीच्या व्यवहारांत हात मारणारे तिथेही निघाले, काही शाळा वर्षाच्या मध्येच बंद पडून पोरं रस्त्यावर आली. पण चांगली शाळा कुणाची मर्जी फिरली म्हणून बंद होऊ नये, यासाठी कागद असतो. आपल्याकडे तो कागदच नाही. वाबळेवाडी आठवा, आपल्याच जिल्ह्यातली, शिरूर तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. गावाने जागा दिली, पैसा उभा केला, शाळा नावारूपाला आली, प्रवेशासाठी रांगा लागल्या. मग राज्याने जिल्हा परिषदेच्या निवडक शाळांसाठी महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढलं आणि सरकार बदलल्यावर २०२० मध्ये ते गुंडाळलंही. मंडळ चांगलं होतं की वाईट, यावर वाद घाला. पण जे एका सहीने येतं ते एका सहीने जातं. २०२३ च्या सप्टेंबरात शाळा दत्तक योजना आली, ती तर आणखी मजेशीर. देणगीदाराचं नाव शाळेला लावता येईल, मात्र कारभारात त्याने लक्ष घालायचं नाही. पाटी बदला, आतलं काही बदलू नका.

चार्टरला मराठीत शब्द आहे, सनद. चार्टर्ड अकाउंटंटला आपण सनदी लेखापाल म्हणतोच की. तर सनदी शाळा. आणि ही कल्पना आयात केलेली वाटत असेल तर एकदा चाळीसगावजवळ पाटणला, पाटणादेवीला जाऊन या. तिथे शके ११२८ चा, म्हणजे साधारण इसवी सन १२०७ चा शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादवांच्या सिंघण राजाच्या दरबारी ज्योतिषी. त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, म्हणजे शाळाच. सिद्धान्तशिरोमणी वगैरे शिकवायला. तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सामंतांनी तिला दान दिलं. त्या लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे आणि त्यात पैसा कुठून येणार ते लिहिलंय. बाजारातल्या मालावर इतकं, आणि तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल. गणिताच्या शाळेसाठी तेली पळीभर तेल देतोय, आणि ते दगडावर कोरलंय, म्हणजे पुढच्या अधिकाऱ्याने नवीन परिपत्रक काढायची सोय नाही! आठशे वर्षांपूर्वी आपल्याकडे सनदी शाळा होती, स्थानिक करातून चालणारी, अभ्यासक्रम आपला आपण ठरवणारी. त्यातली किती पोरं कुठल्या जातीची होती हा प्रश्न मला दिसतो, त्याच्याकडे येतोच.

त्याआधी दादाचा प्रश्न. उपयोग काय?

बारामतीचं नाव काढलं की लोक राजकारण बोलतात. पण बारामतीत मोरोपंत राहायचे. १७२९ मध्ये पन्हाळ्याला जन्म, मग बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत आले आणि १७९४ मध्ये जाईपर्यंत तिथलेच झाले. शेळगावातून एसटीने तासाभराचा रस्ता. या माणसाने एकशे आठ रामायणं लिहिली असं म्हणतात, आणि त्यात कसले कसले खेळ केले! एक रामायण निरोष्ठ आहे, म्हणजे प, फ, ब, भ, म ही ओठ टेकवून म्हणायची अक्षरं पूर्ण टाळून लिहिलेलं. रामाची गोष्ट आणि 'म' वापरायचा नाही. आपण याला कन्स्ट्रेंट प्रॉब्लेम म्हणतो आणि इंटरव्ह्यूला विचारतो. सहावीच्या पोरांना सांगा, 'प-फ-ब-भ-म न वापरता आपल्या गावावर पाच ओळी लिहा,' आणि वर्गात काय दंगा होतो ते बघा. शब्दसंग्रह, उच्चारशास्त्र आणि तर्क एकाच तासात.

मोरोपंतांची आर्या घ्या (शास्त्राने ती गीती आहे). एका ओळीत बारा आणि अठरा मात्रा. लघु म्हणजे एक, गुरू म्हणजे दोन. आता पोरांना विचारा, तीन मात्रा किती प्रकारांनी भरता येतील? तीन. चार मात्रा? पाच. पाच मात्रा? आठ. सहा? तेरा. पुढचा आकडा आधीच्या दोघांची बेरीज. ज्याला आपण फिबोनाची मालिका म्हणून कॉलेजात शिकलो, ती छंदशास्त्राच्या हिशोबात हेमचंद्राने बाराव्या शतकात, फिबोनाचीच्या आधी, मांडलेली आहे. हे सांगून छाती फुगवायची नाहीये. 'आमच्याकडे विमानं होती' टाइपच्या फॉरवर्डचा मला मनस्वी कंटाळा आहे. मुद्दा शिकण्याचा आहे. कविता मोजता मोजता पोरगं रिकर्शनपाशी पोचतं, आणि गणित व भाषा हे दोन वेगळ्या बाकांवर बसणारे विषय आहेत असं त्याला कधी वाटतच नाही. १९६७ मध्ये इंगरमन नावाच्या संगणकतज्ज्ञाने बॅकस-नॉर फॉर्मला पाणिनी-बॅकस फॉर्म म्हणावं असं सुचवलं होतं. व्याकरण म्हणजे नियमांची यंत्रणा, हे ज्याने आठवीत हातांनी करून पाहिलंय त्याला पुढे कुठलीही प्रोग्रामिंग भाषा सहा आठवड्यांत येते. मी कॅम्पसच्या पोरांचे इंटरव्ह्यू घेतो. सिंटॅक्स सगळ्यांना येतो. एक परिच्छेद वाचून त्यात काय म्हटलंय आणि काय म्हटलेलं नाही हे सांगणारा दहातला एखादाच असतो.

आणि 'आपल्या भागातल्या पोरांना हे झेपणार का' असं म्हणणाऱ्यांनी आजूबाजूला बघावं. शेजारी वालचंदनगर आहे. इस्रोच्या रॉकेटचे भाग तिथे बनतात, आणि बनवणारे हात याच गावांतले. आषाढात तुकोबांची पालखी बेलवाडीचं रिंगण करून अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते, आणि आमच्याकडची म्हातारी माणसं शेकडो अभंग न बघता म्हणतात. माझी आजी सही करताना अंगठा द्यायची आणि गाथेतला शब्द चुकला तर बुवांना थांबवायची. त्याच घरातली पोरं आता व्हॅनमधून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. शाळेचं नाव नको, पण तिथल्या पाचवीतल्या पुतण्याला मी विचारलं, "कानडा म्हणजे काय रे?" तर म्हणाला, "कंट्री." फी वर्षाला अडतीस हजार. इंग्रजीही धड नाही आणि मराठीही गेली, यासाठी दादा ऊसबिलाची वाट बघत बसतो. शिव्या मी दादाला देणार नाही. त्याच्यासमोर दुसरा पर्याय कुणी ठेवलाय?

आता भुवया वर करणाऱ्या मित्रांकडे. त्यांचा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाणं लबाडीचं होईल. अभिजात म्हणजे कुणाचं अभिजात? ज्या ग्रंथांना हात लावायची बंदी होती तेच आता पोरांच्या डोक्यावर ठेवायचे का?

बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत घ्यायचं होतं. अस्पृश्य म्हणून घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे ते संस्कृत स्वतःच्या हिमतीवर शिकले, आणि जे ग्रंथ त्यांना नाकारले गेले होते तेच मुळातून वाचून त्यांनी त्या ग्रंथांची चिरफाड केली. भाषांतरावर विसंबून ते जमलं नसतं. ज्याला मूळ वाचता येतं त्याला कुणी 'शास्त्रात असं लिहिलंय' म्हणून गप्प बसवू शकत नाही. मग आज तोच विषय पुण्यातल्या जुन्या पेठांतल्या आणि महागड्या शाळांतल्या पोरांपुरता ठेवणं हे पुरोगामी कसं? शंभर वर्षांपूर्वी दार जातीने बंद होतं, आता फी आणि अंतराने बंद आहे. तुम्ही म्हणता, दाराच्या आत वाईट गोष्टी आहेत म्हणून पोरांना आत सोडू नका. मी म्हणतो, आत सोडा, टॉर्च द्या, काय वाईट आहे ते त्यांनाच ठरवू द्या. चोखामेळा आणि मनुस्मृती एकाच वर्षात वाचली पाहिजे, शेजारी शेजारी. पाटणच्या मठात तेल्याचं तेल चाललं, तेल्याचं पोरगं बाकावर होतं का? बहुधा नसेल. म्हणून शेळगावच्या सनदेत पहिलं कलम चिठ्ठ्या टाकून प्रवेशाचं हवं. मुलाखत नाही, डोनेशन नाही, 'पालकांचं शिक्षण' हा रकानाच नाही.

उरला संस्थाचालकांचा प्रश्न. आमच्या पट्ट्यात शाळा, दूधसंघ आणि कारखाना यांचे फ्लेक्स एकाच माणसाच्या फोटोचे असतात, हे मला कुणी सांगायला नको. संस्थेने चालवायची आणि सरकारने पगार द्यायचे ही कल्पना महाराष्ट्रात नवीन नाही. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. अनुदानित शाळांच्या या जाळ्यानेच आपले आईबाप शिकले. पुढे काही ठिकाणी नोकरीचे भाव ठरले आणि शाळा घराण्यांची मालमत्ता झाली, कारण अनुदान कायमचं होतं आणि हिशोब कुणी विचारत नव्हतं. म्हणून सनद पाच वर्षांची, आपोआप वाढणारी नाही. निवडून आलेला आणि त्याचे नातेवाईक विश्वस्त नाहीत. जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवायचा, आणि पाचव्या वर्षी पोरांना न पाहिलेला उतारा देऊन, बाहेरच्या परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा. नापास झाली तर शाळा जिल्हा परिषदेकडे परत. महापालिकेच्या शाळा करार करून चालवायचं काम आकांक्षा फाउंडेशन पुण्यात आणि मुंबईत बरीच वर्षं करतंय, म्हणजे शहरात हे जमतं. गावाला तसा करार करायची सोय द्या एवढंच म्हणतोय.

पैशांचं गणित मी एक्सेलमध्ये करून ठेवलंय. शिक्षण हक्काच्या पंचवीस टक्के जागांसाठी सरकारने खासगी शाळांना मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये असा दर लावला होता. म्हणजे खासगी शाळेत पोराचे पैसे भरायचं तत्त्व सरकारला मान्यच आहे (पैसे वेळेवर येत नाहीत, ही बोंब वेगळी). तोच दर धरला तर दोनशे पोरांचे ३५ लाख ३४ हजार. आठ शिक्षक, महिना तीस हजार, वर्षाचे २८ लाख ८० हजार. उरले साडेसहा लाख, त्यात पुस्तकं, वीज, शिपाई. तीस हजारांत चांगला संस्कृतचा माणूस मिळेल का? पुण्यात एमए होऊन तासिका तत्त्वावर घासणारे किती जण आहेत ते एकदा विचारून बघा. खोल्या? २०२३ मध्ये समूह शाळांची चर्चा झाली तेव्हा राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या जवळजवळ १४ हजार ८०० शाळा निघाल्या होत्या. त्या बंद करून पोरांना दूर पाठवण्यापेक्षा एखादी इमारत सनदेवर द्या. आणि कमी पडलं तर आमच्याकडे ऊस आहे. एखाद्या कारखान्याचं गाळप आठ लाख टन धरा. टनामागे एक रुपया म्हणजे आठ लाख. ऊसबिलातून एरवी कशाकशाची कपात होते ते शेतकऱ्याला विचारा, हा एक रुपया त्याला जड जाणार नाही.

"तू तुझी मुलगी पाठवशील का?" हा शेवटचा प्रश्न, आणि तो बायकोनेच विचारलाय. लेक आता तिसरीत आहे. शाळा सहावीपासून काढायची म्हणतोय, म्हणजे तीन वर्षं हातात आहेत. आमची कंपनी आठवड्यातून तीन दिवस घरून काम करू देते, शेळगावात फायबर आलंय, दादाच्या घरावरची खोली रिकामी आहे. बायकोचं म्हणणं, आधी शाळेला मुलींचं स्वच्छ, पाणी असलेलं संडास बांधा, मग मोरोपंत. ते एक्सेलमध्ये नव्हतं. रो वाढवली, दीड लाख धरलेत. पुढच्या रविवारी गावी जातोय, ग्रामपंचायतीत दोघा-तिघांशी बोलायचं आहे. सनदेचा मसुदा चार पानांचा झालाय. कुणी वकील असेल तर वाचून द्या, चहा-वडापाव माझ्याकडून.